पिकअपची अदलाबदल करतोय. गिअर आणि हँडब्रेक मात्र हातचाच हवा

माळवाट (ओतूर, ता. जुन्नर)

नमस्कार मंडळी. गाडी विकायची नाहीये, बदलायची आहे, म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे २०१७ ची बोलेरो पिकअप आहे, बीएस-फोर, लांब हौद्याची. घरचा टोमॅटो आणि शेजारच्या शेतकऱ्यांची काकडी-फ्लॉवर कल्याण मार्केटला नेतो. रस्ता ओतूर, मढ, माळशेज, मोरोशी, टोकावडे, मुरबाड. हा रस्ता जुलैत रात्री भरल्या गाडीने ज्यांनी उतरलाय त्यांना जास्त सांगायला नको. एका कॅरेटमध्ये २० किलो माल धरा, म्हणजे ऐंशी कॅरेट भरले की नुसता माल १६०० किलो. वर कॅरेटचं वजन, ताडपत्री, आम्ही दोघं.

इंजिन ठणठणीत आहे, पण मळ्यातला शेवटचा टप्पा काळ्या मातीचा. पावसाळ्यात मागची चाकं जागेवर फिरतात आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. म्हणून गाडी बदलायचं ठरवलं.

दोन जण अदलाबदलीला तयार आहेत. पहिले पुण्यातले ओळखीचे. त्यांची इसुझू व्ही-क्रॉस, डबल केबिन, ऑटोमॅटिक. १.९ लिटर डिझेल, १६३ पीएस, सहा स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शेतघरासाठी घेतली होती, आता नर्सरी काढलीये तर त्यांना लांब हौदा पाहिजे. वरचे पैसे मी द्यायचे, आणि ते बरेच आहेत. दुसरा जुन्नरचा मित्र, दुधाचा धंदा. त्याची टाटा योद्धा, सिंगल केबिन, फोर बाय फोर, पाच गिअर. त्याच्या वाडीचा रस्ता आता डांबरी झालाय, त्यामुळे फोर बाय फोर त्याला नुसतं ओझं वाटतं. इथेही वरचे पैसे माझेच, पण आवाक्यातले.

घरात सगळ्यांचं मन व्ही-क्रॉसवर आहे. गाडी देखणी आहे, बसायला आराम आहे, यात वादच नाही. माझं मन मात्र योद्धाकडे ओढ घेतंय, आणि त्याचं कारण आहे गिअरचा दांडा आणि हँडब्रेक.

माळशेजचा बोगदा संपला की मी दुसरा टाकतो. इंजिन घोंघावायला लागतं, गाडी स्वतःला धरून ठेवते, आणि ब्रेकवर पाय फक्त वळणापुरता जातो. आवाज चढला की कळतं उतार वाढला. धुक्यात पुढचं दहा-पंधरा फूट दिसत नसताना हा आवाजच मला रस्ता सांगतो. तो गिअर मी टाकलाय आणि मी काढेपर्यंत तो निघणार नाही, ही खात्री मला पाहिजे. हँडब्रेकचंही तेच. मार्केटला उतारावर गाडी लावली की हमाल हौद्यात उड्या मारतात, पाट्यांवर गाडी डुलते. तेव्हा दांडा कुठपर्यंत वर आला, केबल किती ताणली, हे हाताला कळतं.

तुमचा अनुभव सांगा. घाटात माल घेऊन फिरणाऱ्यांचा तर नक्कीच.

सिंहगड रोडकर

माळवाट, माझं मत वेगळं आहे, पण मनापासून सांगतो.

मी नऱ्हेहून हिंजवडीला जातो. वर्षानुवर्षं हाफ क्लचवर गाडी सरकवून डावा गुडघा धरायला लागला, डॉक्टरांनी जिना कमी करायला सांगितलं. ऑटोमॅटिक घेतली आणि संध्याकाळी घरी माणसात आल्यासारखं वाटायला लागलं. दिवसभर गाडीत बसणाऱ्या माणसाच्या गुडघ्याची किंमत धंद्याच्या हिशेबात धरली पाहिजे.

दुसरं असं की ऑटोमॅटिक म्हणजे कमजोर, हे जुनं झालं. टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये आपल्याकडे आली. तिच्या मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर टॉर्क आहे आणि ऑटोमॅटिकला ५००. इंजिन तेच, २.८ लिटर. जास्तीचा जोर ऑटोमॅटिकच्या वाट्याला आलाय. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा भाग) असलेली गाडी चढावर उचलताना सहसा मागे येत नाही आणि क्लच जळायची भीतीच नाही. उतारासाठी मॅन्युअल मोड असतो, त्यात दुसरा धरून ठेवता येतो. आणि ई-शिवनेरी बघा. ना क्लच, ना गिअरचा दांडा, आणि रोज भरून बोरघाट चढते-उतरते.

व्ही-क्रॉस मिळत असेल तर सोडू नका, असं मला वाटतं.

लालपरी

मी एसटीत ड्रायव्हर होतो, आता निवृत्त. कुंभार्ली, आंबा, फोंडा, वरंधा हे घाट पाठ आहेत.

सिंहगड रोडकर, ई-शिवनेरीचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण ती तुलना पिकअपला लागू होत नाही. इलेक्ट्रिक बस उतारावर मोटारीचाच जनरेटर करते आणि त्या विरोधानेच गाडी रोखते. मोठ्या डिझेल बसला रिटार्डर किंवा एक्झॉस्ट ब्रेक असतो, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता गाडी रोखणारी सोय. आणि पार्किंग ब्रेक पाहिलात तर हवेच्या ब्रेकवाल्या गाडीत तो स्प्रिंगचा असतो. हवा भरली की स्प्रिंग दाबली जाते आणि ब्रेक सुटतो. हवा गेली की स्प्रिंग आपोआप ब्रेक आवळते. म्हणजे बिघाड झाला तर गाडी जागेवर थांबते. पिकअपला यातलं काहीच नसतं. तिथे तेलाचे ब्रेक, पायाला मदत करणारा व्हॅक्यूम बूस्टर, आणि मागच्या ड्रमला जाणारी हँडब्रेकची केबल. एवढ्यावरच घाट उतरायचा. म्हणून इंजिनचा ब्रेक हाच तिचा खरा रिटार्डर.

आम्हाला शिकवलं होतं, ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर उतरायचा. हे नव्या पोरांना पटत नाही. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल मारतात. आताच्या इंजिनात तर वाचतही नाही. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शन बंद होतं, इंजिनला चाकं फिरवतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागतं. काही जण इंजिनच बंद करतात. मग बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीनदा ब्रेक मारला की संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर काय काय झालंय ते पुण्याच्या मंडळींना माहीत आहे. न्यूट्रलवर सोडलेल्या गाड्या हे तिथल्या अपघातांमागचं कारण म्हणून पोलिसांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय.

माळवाट, तुम्ही दुसऱ्यावर उतरता हे वाचून बरं वाटलं. गाडी कुठलीही घ्या, ही सवय सोडू नका.

दहाचा पाना (चाकण)

माझं गॅरेज आहे, पिकअप आणि छोटा हत्ती हेच जास्त येतात. ऑटोमॅटिक वाईट नाही, पण ती कुठल्या कामाला लावताय ते बघा.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं. लोड घेऊन हळू चढताना ते तेल घुसळून तापतं. गाडी रोज भरून घाटात जाणार असेल तर ते तेल वेळेवर बदलणं, कूलर साफ ठेवणं, हे करावंच लागतं. ते बिघडलं तर नारायणगावात किंवा मुरबाडात कोण उघडणार? पुण्याला टो करून न्यायची. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग मात्र तालुक्याच्या कुठल्याही मेस्त्रीकडे संध्याकाळपर्यंत बदलून मिळतं. टोमॅटो तोडून ठेवलेला असताना हा फरक फार मोठा.

आता योद्धा बघायला जाल तेव्हा काय बघायचं ते सांगतो. अदलाबदलीत लोक टायर आणि पेंट बघतात, आणि खर्च लपलेला असतो खाली.

क्लचसाठी: मोकळ्या सपाट जागी, समोर कोणी नसताना, हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन लगेच दणका खाऊन बंद पडलं तर क्लच धरतोय. इंजिन चालूच राहिलं आणि गाडी हलली नाही, तर प्लेट घसरतेय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा करू नका.

गिअरबॉक्ससाठी: उतारावर दुसऱ्यात आणि तिसऱ्यात ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा आणि दांड्याला हात लावू नका. दांडा थरथरून न्यूट्रलला उडाला तर ती गाडी घाटाला न्यायची नाही. ओढताना गिअर टिकतो आणि सोडल्यावर उडतो, असं बऱ्याच जुन्या बॉक्समध्ये होतं. सपाटीवर चक्कर मारून ते कळत नाही. तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना घासल्याचा आवाज आला तर सिंक्रो, म्हणजे गिअर जुळवून घेणाऱ्या रिंगा, गेलेत.

हँडब्रेकसाठी: दांडा ओढताना टकटक मोजा. पाच-सात टकटकीत आवळला पाहिजे. कोपऱ्यापर्यंत वर येत असेल तर केबल ताणलीय किंवा लायनर (ड्रमला आतून घासून धरणारे ब्रेकचे पट्टे) संपलेत. नुसती केबल आवळून देणारे खूप भेटतात. आधी मागचे ड्रम उघडून लायनर ॲडजस्ट करायचे, मग केबल. उलटं केलं तर दांडा छान वाटतो आणि ब्रेक मात्र अर्धाच लागतो. गाडी मागून उचलून दोन्ही चाकं सारखी धरतात का बघा. इक्वलायझर, म्हणजे दांड्याची ओढ दोन्ही चाकांना सारखी वाटणारा भाग, गंजला असेल तर एकच चाक धरतं.

फोर बाय फोर टाकून दहा-वीस पावलं मातीत चालवा, वळणावर नको. खूप दिवस न वापरलेली फोर बाय फोर कधी कधी लागतच नाही.

कोयनाकाठ (पाटण)

मी दूध संकलनाची पिकअप चालवते. पहाटे वाड्यांवरून कॅन गोळा करून शीतकरण केंद्रावर पोचवायचे. आमच्याकडे सपाट रस्ता असा नाहीच.

माळवाट दादा, हँडब्रेकबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला फार जवळचं वाटलं. कॅनमधलं दूध गाडी मागे सरकली की मागे जातं आणि पुढे उचलली की एकदम पुढे येतं. अर्धवट भरलेला कॅन असेल तर झाकणातून बाहेरही येतं. त्यामुळे चढावर गाडी इंचभरही मागे जाऊन चालत नाही. माझ्या वडिलांनी मला गाडी शिकवताना पहिला महिना चढावरच उभं केलं. हँडब्रेक वर, पहिला गिअर, क्लच सोडत न्यायचा. बॉनेट किंचित उचलल्यासारखं झालं आणि इंजिनचा आवाज बसला की तिथे पाय थांबवायचा. मग दांड्याचं बटण दाबून तो सावकाश खाली. झटक्याने नाही. गाडी तशीच पुढे जाते, दूध हलतही नाही. हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे क्लच जाळतात, आणि हँडब्रेकवर उचलणाऱ्याचा क्लच वर्षानुवर्षं टिकतो.

आणखी एक. दांडा दोन सीटच्या मध्ये असतो, म्हणजे बाजूला बसलेल्यालाही तो ओढता येतो. माझ्यासोबत कॅन उचलायला जो पोरगा असतो त्याला मी गाडी चालवायला शिकवली नाहीये, पण हँडब्रेक कसा ओढायचा ते पहिल्या दिवशी शिकवलं. मी खाली उतरून कोणाशी बोलत असताना गाडी हलली तर त्याला तेवढं यायला हवं.

पावसाळ्यासाठी सांगते. गाडी धुऊन किंवा पाण्यातून आणून दोन-चार दिवस उभी करणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. लायनर ड्रमला धरतात, सोडला तरी सुटत नाहीत. सपाट जागा बघा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा.

माळवाट

ताई, किती नेमकं लिहिलंत! बॉनेट उचलल्यासारखं होतं ती जागा ज्याला सापडली त्याला गाडी आली, असं मीही पोरांना सांगतो.

लालपरी काका, स्प्रिंग ब्रेकचं मला माहीत नव्हतं. त्यामुळे पिकअपच्या केबलची काळजी आणखी का घ्यायची ते कळलं.

पाना भाऊ, गिअर उडण्याची तपासणी मी मढच्या उतारावरच करणार.

सिंहगड रोडकर, तुमच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. शहराच्या ट्रॅफिकला ऑटोमॅटिकच बरी, हे मला मान्य आहे. माझ्या वाटेवर टोकावड्यापर्यंत सिग्नल म्हणून नाही. तिथे क्लच दाबायचा तो गिअर बदलायलाच.

फॉर्म तीस

वाहन हस्तांतरणाची कामं करतो. एक गोष्ट कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

माळवाट, ती व्ही-क्रॉस पांढऱ्या नंबरप्लेटची, म्हणजे खासगी नोंदणीची असणार. तुम्ही शेजाऱ्यांचा माल भाडं घेऊन नेता. खासगी गाडीत भाड्याचा माल नेता येत नाही. पकडले गेलात तर दंड, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला मुद्दा हाच काढणार. स्वतःच्या मळ्यातला माल वेगळा, भाड्याचा वेगळा. शिवाय आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. वजाबाकी करून बघा. डबल केबिन गाडीत माणसांची जागा धरल्यावर मालाला किती उरतं ते बघितलंत तर ऐंशी कॅरेटचा विचार तिथेच थांबेल. गिअरचा प्रश्न त्याच्या नंतरचा.

योद्धासाठी सांगतो. अदलाबदल म्हणजे कायद्याच्या नजरेत दोन स्वतंत्र विक्री. दोन्ही गाड्यांचे फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे नाव बदलायचे अर्ज, वेगळे भरायचे. देणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. कुठल्याही गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी (ना-हरकत) आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५, मग पुढचं. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यायचा. नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो माणसाचा असतो. त्यामुळे तुमचा बोनस तुम्ही योद्धाच्या विम्यावर मागू शकता, त्याचं प्रमाणपत्र आधीच्या कंपनीकडून घ्या.

तुमची गाडी २०१७ ची, म्हणजे एप्रिल २०१९ च्या आधीची. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवून घ्या, नाहीतर हस्तांतरणाचं काम पुढे सरकणार नाही. फिटनेस, म्हणजे आपलं पासिंग, बघा. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांचं मिळतं, नंतर दरवर्षी करावं लागतं. तुमची आता दरवर्षीवाली झाली, ते पैसे ठरवताना मित्र नक्की काढेल. ई-चलन दोघांनी एकमेकांसमोर तपासा. फास्टॅग आपापला बंद करून नवा घ्या. स्टँपपेपरवर तारीख आणि वेळ लिहून ताबा दिल्याचं लिहून ठेवा, म्हणजे त्या तासानंतरच्या चलनाची जबाबदारी कोणाची ते स्पष्ट राहतं.

लायसन्सची काळजी नको. ७५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलंय. परमिटचं मात्र बघा. भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, वर गेलं की लागतं. योद्धाचं कुठलं मॉडेल आहे त्यावर ते ठरेल.

आणि वरच्या पैशांबद्दल: सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतो. मित्र जुन्या भावाने आकडा सांगत असेल तर शोरूमचं आजचं कोटेशन समोर ठेवा.

ह्यूस्टनकर

मूळचा सांगलीचा, टेक्सासमध्ये बरीच वर्षं. इथे दर दुसऱ्या घरासमोर पिकअप उभी असते, पण क्लचवाली शोधायला गेलात तर महिने जातात. मोठ्या पिकअपमध्ये रॅमच्या डिझेलला मॅन्युअल मिळायचं, ते २०१८ च्या मॉडेलनंतर बंद झालं. आता नव्या गाड्यांत टोयोटा टॅकोमा आहे, २०२४ च्या नव्या टॅकोमातही सहा गिअरचं मॅन्युअल ठेवलंय. ज्यांच्याकडे जुनी मॅन्युअल पिकअप आहे ते ती अदलाबदलीत सहजासहजी देत नाहीत.

हँडब्रेकची तऱ्हा इथे वेगळीच. बऱ्याच जुन्या अमेरिकन पिकअपमध्ये तो पायाने दाबायचा, डाव्या कोपऱ्यात. आणि लोक तो वापरतच नाहीत, 'पी'मध्ये टाकून उतरतात. 'पी'मध्ये गाडी गिअरबॉक्समधल्या एका छोट्या लोखंडी खिट्टीवर उभी असते. ट्रेलर जोडून उतारावर तसं केलं की सगळं वजन त्या खिट्टीवर येतं आणि निघताना 'पी'मधून काढताना खाडकन आवाज येतो. ऑटोमॅटिक असली तरी आधी पार्किंग ब्रेक, मग 'पी', एवढं पाळा.

माळवाट, तुमच्याकडे मॅन्युअल पिकअप अजून सर्रास मिळतेय. घेऊन टाका.

सिंहगड रोडकर

फॉर्म तीस यांचा खासगी नोंदणीचा मुद्दा वाचला. तो माझ्या डोक्यात नव्हता, आणि त्यापुढे माझी शिफारस टिकत नाही. भाड्याच्या मालासाठी योद्धाच.

मात्र इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकची बाजू मांडतो, कारण पुढच्या गाड्यांमध्ये तोच येणार. बटण ओढलं की मोटर ब्रेक आवळते, माणसाच्या ताकदीवर काही अवलंबून नाही. माझ्या आईला संधिवात आहे, तिला दांडा पूर्ण ओढता येत नाही, बटण येतं. चालत्या गाडीत बटण ओढून धरलं तर बहुतेक गाड्यांत एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मदतीने गाडी सरळ रेषेत थांबते. दांडा घाईत ओढला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी होऊ शकते. हे फायदे खरे आहेत.

दहाचा पाना

खरे आहेतच. आईंसाठी ते बटण उत्तम.

लोडच्या गाडीत माझी अडचण दुसरी. बॅटरी उतरली तर तो ब्रेक सुटत नाही. बाजारात गाडी मध्येच उभी राहिली आणि ढकलायचीय, तर दांडा खाली केला की काम होतं. आणि लायनर बदलायला मोटर मागे घ्यावी लागते, त्याला बहुतेक वेळा स्कॅनर लागतो. तालुक्याच्या गॅरेजात तो अजून सगळीकडे पोचला नाही. पोचेल तेव्हा माझंही मत बदलेल.

दांड्याचा आणखी एक गुण म्हणजे तो हळूहळू बिघडतो. आज सहा टकटक, दिवाळीला आठ, संक्रांतीला दहा. तो सांगत असतो, ऐकणारा पाहिजे.

आकडाही सांगून ठेवतो. पार्किंग ब्रेकने भरलेली गाडी १८ टक्के चढ-उतारावर धरली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तीन टनांची गाडी तशा उतारावर उभी असेल तर तिला खाली ओढणारा जोर जवळजवळ ५३० किलोंचा होतो. तेवढं सगळं मागच्या दोन ड्रमवर. त्यात इक्वलायझर गंजून एकच चाक धरत असेल तर काय होईल ते बघा.

लालपरी

गाडी उभी करायची पद्धत नव्या पोरांसाठी लिहितो. पाय ब्रेकवर दाबून ठेवायचा. हँडब्रेक ओढायचा. न्यूट्रलमध्येच पाय हळू सोडायचा, गाडीला हँडब्रेकवर बसू द्यायचं. बसली की मग गिअर: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. मग इंजिन बंद. चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवलेली. मग चाकाला दगड. आणि निघताना तो दगड रस्त्यातून उचलून बाजूला टाकायचा, मागून मोटरसायकलवाला येतो.

माळवाट

मंडळी, योद्धा घेतली.

आधी दोन्ही गाड्यांची आरसी घेऊन बसलो. घरच्यांना व्ही-क्रॉसच्या वजनाची वजाबाकी दाखवली, मग आग्रह राहिला नाही. पुण्याच्या ओळखीच्यांना फोन करून सांगितलं, त्यांनीही मनावर घेतलं नाही. त्यांना लांब हौद्याची दुसरी पिकअप बघून देतोय.

योद्धा मढच्या उतारावर नेली, मित्र शेजारी बसला होता. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात ॲक्सिलरेटर सोडून पाहिला, दांडा जागचा हलला नाही. २.२ लिटरचं इंजिन आहे, १०० अश्वशक्ती. बोलेरोच्या सवयीला ते चढावर लगेच जाणवलं. क्लचची तपासणी सपाटीवर केली, इंजिन लगेच बंद पडलं. हँडब्रेक मात्र दहा टकटकींच्या पुढे जात होता. ड्रम उघडले तर उजव्या चाकाचे लायनर गुळगुळीत आणि इक्वलायझर गंजलेला, पाना भाऊंनी लिहिलं होतं तसाच. मित्राला तिथेच दाखवलं. नवे लायनर, केबल आणि इक्वलायझरचा खर्च वरच्या पैशांतून वजा करायचं ठरलं, आणि त्याने कुरकुर न करता मान्य केलं. जीएसटीचा मुद्दा मांडल्यावरही आकडा थोडा खाली आला. बोलेरोच्या दरवर्षीच्या पासिंगचे पैसे त्याने धरले, तेही योग्यच.

फोर बाय फोर मातीत लावून पाहिलं, लागलं. नंबरप्लेटचं काम आधी उरकलं, मग फॉर्म भरले. परमिट लागणारं मॉडेल निघालं, त्याची फी भरलीय.

कोयनाकाठ

अभिनंदन दादा! लायनर बदलल्यावर हँडब्रेक किती टकटकीवर आला? नव्या लायनरला थोडे दिवस घासून बसायला लागतात, तेव्हा लगेच माल भरून उतारावर त्याच्या भरवशावर ठेवू नका.

माळवाट

ताई, पाचव्याला आवळतो. सध्या निम्माच माल भरतोय, आणि मार्केटला सपाट गाळ्यासमोरच लावतोय. लायनर बसले की गॅरेजात पुन्हा ॲडजस्ट करून घेणार. त्यानंतर पाना भाऊंना चाकणला दाखवून येईन, त्यांनी वेळ कळवावी; मंगळवारी मार्केटला जायचं नसतं, तो दिवस चालेल.